सरासरी ९१ टक्के, तरी त्याच तीन वस्त्या मागे. या नोंदींचं मी करू काय?

नोंदवही

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण तोडून विचारला तर अर्थ हरवेल, म्हणून सगळं एकदमच लिहिते.

मी एका आरोग्यकेंद्रात नोंदी ठेवण्याचं काम करते, सहा वर्षं झाली. आमच्या हद्दीत अकरा वस्त्या येतात. आरोग्यसेविका घरोघर फिरून जे टिपून आणतात ते माझ्या टेबलावर येतं. मी ते संगणकात चढवते, महिनाअखेर बेरजा करते आणि अहवाल वर पाठवते. गेल्या वर्षी आमच्या ३०० बाळांपैकी २७३ जणांचं लसीकरण वेळेत पूर्ण झालं. ९१ टक्के. बैठकीत केंद्राचं कौतुक झालं, मलाही आनंद झाला होता.

मग एकदा बेरीज जुळेना म्हणून मी वस्तीवार तक्ता काढला. चूक किरकोळ निघाली, एकाच बाळाची दोनदा एंट्री झाली होती. ती दुरुस्त केली, पण तक्ता बंद करवेना. आठ वस्त्यांतल्या २५८ बाळांपैकी फक्त ८ जणांचं लसीकरण राहिलं होतं. उरलेल्या तीन वस्त्यांत मिळून बाळं ४२, आणि त्यातली १९ राहिलेली. जवळजवळ निम्मी. हा फरक दर महिन्याला मीच माझ्या हाताने बेरजेत मिसळून टाकत होते.

त्या संध्याकाळी थांबून आधीच्या दोन वर्षांची रजिस्टरं काढली. बाळं वेगळी, वस्त्या त्याच तीन. गरोदरपणातल्या तपासण्या पाहिल्या, तिथेही त्याच तळाला. रक्तदाबाच्या रुग्णांची यादी मात्र उलटं सांगते: सर्वांत कमी रुग्ण याच तीन वस्त्यांत. पन्नाशी ओलांडलेली, अंगमेहनत करणारी इतकी माणसं तिथे राहतात आणि रक्तदाब जवळपास कुणालाच नाही, यावर माझा विश्वास बसत नाही.

एका सहकाऱ्याला हे दाखवलं. तो म्हणाला, "त्या लोकांना आरोग्याचं महत्त्वच कळत नाही, आपण काय करणार?" मला ते लागलं. त्यांतल्या कितीतरी आयांची नावं मला पाठ आहेत, कारण ती मीच टाइप करते. पहिल्या डोसला त्या आलेल्या आहेत. महत्त्व कळत नसतं तर पहिल्या वेळी तरी कशाला आल्या असत्या?

तर विचारायचं आहे ते असं. इतक्या लहान आकड्यांवर विश्वास ठेवावा का, की हा योगायोग असू शकतो? एका वस्तीत मृत्यू जास्त दिसतात, पण तिथे वयस्कर माणसंही जास्त आहेत, मग तुलना कशी करायची? नकाशा रंगवून भिंतीवर लावावासा वाटतो, पण त्यामुळे त्या वस्त्यांना नावं ठेवली जातील अशी भीतीही वाटते. आणि मुख्य म्हणजे मला आणखी एक अहवाल तयार करायचा नाही. एखाद्या बाळाला लस मिळेल असं काहीतरी व्हायला हवं. सुरुवात कुठून करू?

पायवाट

नोंदवहीताई, एकतीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून फिरले, आता निवृत्त आहे. गणिताचं दुसरं कुणी सांगेल. मी एवढंच विचारते: ते ४२ कुणी मोजले?

तुमच्याकडे ४२ नावं आहेत कारण ४२ बाळांची नोंद झाली. ज्याची नोंदच नाही ते बाळ झालेल्यांत नाही आणि राहिलेल्यांतही नाही. टक्केवारी आली की सगळे वरचा आकडा तपासतात, रेघेखालचा कुणी तपासत नाही.

माझ्या हद्दीच्या टोकाला ओढ्यापलीकडे घरांची एक रांग होती. मला वाटायचं ती शेजारच्या बाईंकडे आहे, त्यांना वाटायचं माझ्याकडे. दोघींची रजिस्टरं पूर्ण, दोघींचं काम चोख. चार वर्षांनी तिथली एक बाई अडली म्हणून तिला घेऊन आले, तेव्हा कळलं की तिच्या आधीच्या दोन्ही लेकरांना एकही लस मिळालेली नव्हती. चार वर्षं मी त्या ओढ्याच्या अलीकडून परत फिरत होते. आजही ते आठवलं की चैन पडत नाही. त्यानंतर मी दरवर्षी एकदा हद्दीची कड चालून काढायची. जिथे दोन हद्दी मिळतात, जिथे लोक कामापुरते येऊन राहतात आणि निघून जातात, जिथे घराला नंबर नसतो, तिथे नावं गळतात. आता अशा मुलांना 'झिरो डोस' म्हणतात. मोजताना त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) लसीचा पहिला डोसही न मिळालेलं मूल त्यात धरतात. आमच्या वेळी त्यांना नावच नव्हतं, त्यामुळे रकानाही नव्हता.

प्रशिक्षणात आम्हाला लंडनची १८५४ची कॉलऱ्याची साथ शिकवली होती. ब्रॉड स्ट्रीटवरचा पाण्याचा पंप आणि डॉ. जॉन स्नोचा नकाशा सगळ्यांना माहीत असतो. माझ्या लक्षात राहिला तो हेन्री व्हाइटहेड. तिथल्या चर्चमधला तरुण धर्मोपदेशक. साथ पंपाच्या पाण्यातून पसरते हे स्नोचं म्हणणं त्याला पटलेलं नव्हतं, ते खोडून काढायलाच तो घरोघर गेला. लोक त्याला ओळखत होते म्हणून बोलले, आणि विचारता विचारता दोष पंपाचाच आहे हे त्याला मान्य करावं लागलं. ४० नंबरच्या घरातलं पाच महिन्यांचं बाळ त्यानेच शोधून काढलं. त्याची दुपटी धुतलेलं पाणी पंपाच्या विहिरीला लागून असलेल्या मैलाखड्ड्यात पडत होतं. सरकारी यादीत त्या बाळाचा मृत्यू जुलाबाखाली नोंदलेला होता, कॉलऱ्याखाली नव्हे. नुसती कॉलऱ्याची यादी चाळून ते कधीच सापडलं नसतं.

आणि स्नोनेही फक्त दगावलेले मोजले नाहीत. पंपाच्या अगदी जवळच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार कसे वाचले, हेही त्याने जाऊन विचारलं. ते पंपाचं पाणी पीतच नव्हते. तेव्हा तुम्हीही त्या तीन वस्त्यांतल्या २३ घरी आधी जा, ज्यांचं पूर्ण झालं आहे. त्यांनी कसं जमवलं ते विचारा. मग राहिलेल्या १९ घरी जा. तिथे "का आली नाहीस" असं विचारू नका, ती बाई मान खाली घालेल आणि खरं सांगणार नाही. "कोणत्या वेळी ठेवलं तर जमेल" असं विचारा.

अंशछेद

मी संख्याशास्त्र शिकवतो. पायवाटताईंचा मुद्दा माझ्या सगळ्या गणिताच्या आधी येतो, रेघेखालचा आकडा चुकला तर पुढचं सगळं चुकतं. ते तपासून झालं असं धरून पुढचं लिहितो.

योगायोगाची शंका घेतलीत हे योग्यच केलंत. अमेरिकेत काउंटीवार, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हावारसारखा, मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा नकाशा काढला तेव्हा सर्वांत कमी दर विरळ लोकवस्तीच्या ग्रामीण भागात दिसले. मोकळी हवा, साधं राहणं, अशी कारणं लगेच सुचतात. पण सर्वांत जास्त दरही तशाच विरळ ग्रामीण भागात होते. माणसं थोडी असली की एखाद-दुसऱ्या रुग्णाने दर उसळतो किंवा कोसळतो, बस. म्हणून वस्त्यांचा पहिला-शेवटचा नंबर लावण्याची सवय मुळातच वाईट.

तुमच्या लसीकरणाच्या बाबतीत मात्र शंका ठेवू नका. राहिलेली २७ बाळं सगळ्या वस्त्यांत सारखी विखुरली असती तर या तीन वस्त्यांच्या वाट्याला सुमारे ४ आली असती. आली आहेत १९. तीही सलग तिसऱ्या वर्षी. यावर आणखी चाचण्या लावण्यात वेळ घालवू नका.

बालमृत्यूंबाबत याच्या उलट वागा. ४२ जन्मांत एक मृत्यू झाला की दर हजारी शून्यावरून २४ वर जातो. आणि एकही मृत्यू झाला नाही म्हणून निश्चिंत होता येत नाही. त्यासाठी एक सोपा नियम आहे: घटना शून्य असेल तर ३ ला एकूण संख्येने भागायचं. ३ भागिले ४२, म्हणजे खरा दर हजारी ७१ इतका असला तरी एखाद्या वर्षी शून्य दिसू शकतं. तेव्हा मृत्यूंचे आकडे तीन ते पाच वर्षांचे एकत्र करा, आणि प्रत्येक मृत्यूची कहाणी वेगळी लिहून ठेवा. कधी दुखायला लागलं, आधी कुणाकडे नेलं, वाहन कधी मिळालं. एवढ्या लहान संख्येत टक्क्यांपेक्षा त्या पाच-सहा कहाण्या जास्त सांगतात.

वयाचं. समजा दोन वस्त्या आहेत, दोन्हींत ५०० माणसं. पहिलीत साठीपुढचे २००, त्यात ८ मृत्यू. साठीखालचे ३००, त्यात १. एकूण ९. दुसरीत साठीपुढचे फक्त ५०, त्यात ३. साठीखालचे ४५०, त्यात ४. एकूण ७. वरवर पहिली वस्ती वाईट. पण वयोगट वेगळे करून पाहा, दोन्ही गटांत दुसरीच वाईट आहे. आता दोन्हींचे दर एकाच काल्पनिक वस्तीला लावा, साठीखालचे ४०० आणि वरचे १०० अशी. पहिलीच्या दराने ५ च्या आसपास मृत्यू येतात, दुसरीच्या दराने ९ ते १०. वयाचं प्रमाणीकरण म्हणतात ते हेच, एक्सेलमध्ये दहा मिनिटांचं काम आहे.

रक्तदाबाच्या यादीबद्दल तुमचं मन बरोबर सांगतंय. ती आजाराची यादी नाही, कुणाचा रक्तदाब मोजला गेला याची आहे. ही गल्लत मोठमोठ्या ठिकाणी होते. अमेरिकेत जास्त देखभाल कुणाला द्यायची हे ठरवणारा एक संगणकी गणनक्रम (अल्गोरिदम) वापरात होता, त्याची तपासणी २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आली. तो आजाराऐवजी उपचारांवरचा खर्च मोजत होता. कृष्णवर्णीय रुग्णांवर तेवढ्याच आजारासाठी कमी खर्च होत आलेला, म्हणून ते त्याला कमी आजारी वाटत. दुरुस्ती केल्यास जादा मदत मिळणाऱ्यांत त्यांचं प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जाईल असं त्या अभ्यासात निघालं. ज्यांच्यापर्यंत सेवा पोचली नाही तेच कागदावर निरोगी ठरले.

शेवटचं, आणि हे काम सुरू करण्याआधीच ठरवा: सुधारणा मोजणार कशी? आज आठ वस्त्यांत ३ टक्के बाळांचं लसीकरण राहतं, तुमच्या तीन वस्त्यांत ४५ टक्के. समजा पुढच्या वर्षी हे १ आणि ३० झालं. अंतर ४२ वरून २९ वर आलं, म्हणजे विषमता घटली. पण पट काढलीत तर १५ वरून ३० झाली, म्हणजे वाढली. दोन्ही खरं आहे. दोन्ही लिहा, आणि कशाच्या आधारे बोलायचं ते आधीच लिहून ठेवा, नाहीतर निकाल आल्यावर सोयीचं तेवढं निवडलं जातं. सरासरीचं टार्गेट मिळालं की काय होतं हेही तुम्ही पाहिलं असेल. ९१ चे ९४ करायला नऊ बाळं लागतात, आणि जवळच्या आठ वस्त्यांतली आठ बाळं आधी शोधली जातात. नवीन सेवा आधी सुस्थितीतल्यांकडे पोचते आणि दरी काही काळ वाढते, असं ब्राझीलमधले संशोधक व्हिक्टोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली मांडलं होतं.

नोंदवही

दोघांचेही मनापासून आभार. पायवाटताई, तुमचं वाचून दुसऱ्याच दिवशी तिथल्या आरोग्यसेविकेबरोबर निघाले. सहा वर्षांत पहिल्यांदा. दोन शनिवार लागले. जन्मनोंदी, गरोदर बायकांची यादी आणि प्रत्यक्ष घरं, तिन्ही समोरासमोर ठेवली.

सात बाळं सापडली जी कुठल्याच यादीत नव्हती. तीन एकाच आवारात, जिथे काम संपलं की कुटुंबं हलतात. दोन बाळंतपणासाठी माहेरी जन्मली, तिथल्या यादीतून निघाली आणि इथल्या यादीत आलीच नाहीत. उरलेल्या दोघांच्या आया म्हणाल्या, "आमच्याकडे कुणी आलंच नाही." सातहीजणांचं लसीकरण अपूर्ण.

म्हणजे आता ३०७ बाळं आणि ३४ राहिलेली. आमचे ९१ टक्के ८९ झाले. त्या तीन वस्त्यांत तर निम्म्याहून जास्त बाळं राहिलेली आहेत.

हे मी वरिष्ठांना दाखवलं. ते ओरडले नाहीत, पण म्हणाले, "चालू वर्षात आकडा खाली गेला तर स्पष्टीकरण मागतील. ही सात पुढच्या वर्षीच्या यादीत धरता येतील का?" मला त्या क्षणी काही बोलता आलं नाही. त्यांच्यावरही दबाव असतो हे मला कळतं. पण पुढच्या वर्षापर्यंत त्या बाळांचं लसीचं वय निघून जाईल. कुणी असं काही समजावून सांगितलं असेल तर कसं सांगितलं, ते लिहा.

ओपीडीबाहेर

मी डॉक्टर आहे, बरीच वर्षं प्राथमिक आरोग्यसेवेत काम केलं आहे. ताई, तुम्ही जे पाहिलंत ते नीट शोधणाऱ्या प्रत्येकाने पाहिलं आहे: शोधलं की आकडा आधी वाईट होतो.

डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. दवाखान्याच्या नोंदीवरून त्या गावांचं चित्र काढलं असतं तर तिथे हे आजार जवळपास नाहीतच असं दिसलं असतं. तुमच्या रक्तदाबाच्या यादीसारखंच. पुढे त्याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी देखभाल सुरू केली. गावातल्याच प्रशिक्षित बायका ते काम करत. तिथे आधी प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू मोजण्याची पद्धत बसवली होती. १९९९ मध्ये निष्कर्ष आले: तुलनेच्या गावांच्या हिशेबात नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटला. मोजणी पक्की नसती तर ही घट कुणाला दाखवताही आली नसती.

दुसरं उदाहरण वेल्समधल्या ग्लिनकोरग या खाणकामगारांच्या गावचं. तिथले डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये लिहिलं की चांगल्या वैद्यकीय सेवेची उपलब्धता गरजेच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणजे गरज जिथे जास्त तिथे सेवा कमी. त्यांनी नुसतं लिहिलं नाही. रुग्ण येण्याची वाट न पाहता त्यांनी आपल्या यादीतल्या सगळ्या प्रौढांचा रक्तदाब मोजायला घेतला. जे येत नव्हते त्यांच्या मागे लागले. पंचवीस वर्षांनी त्या गावातले अकाली मृत्यू शेजारच्या तशाच गावापेक्षा कमी भरले. यादीत अचानक रुग्ण वाढले म्हणून त्यांनी हात आखडला असता तर हे घडलं नसतं.

वरिष्ठांना सांगायचं ते अहवालातच सांगा. एका ओळीत दोन आकडे द्या: जुन्या यादीनुसार ३०० पैकी २७३, प्रत्यक्ष शोधानंतर ३०७ पैकी २७३. लस मिळालेल्या बाळांची संख्या जराही घटलेली नाही, हे त्यातून आपोआप दिसतं. खाली लिहा, "घरोघर शोधात नव्याने आढळलेली बालके ७, लसीकरण सुरू." मी असं लिहिलेलं आहे. स्पष्टीकरण मागितलं गेलं, दिलं, आणि पुढच्या वर्षी शेजारच्या केंद्रानेही तसाच शोध घेतला.

नकाशाबद्दल. वस्त्यांवर लाल रंग चढवू नका. सेवेचा नकाशा काढा: लसीकरण सत्र कुठे होतं, कोणत्या वारी, किती वाजता, तिथवर चालत किती वेळ लागतो. दोष कुणाकडे आहे ही चर्चाच मग बदलते. आणि पाचपेक्षा कमी संख्या वस्तीच्या नावानिशी बाहेर जाऊ देऊ नका. 'दोन क्षयरुग्ण' असं लिहिलं की ते दोघे कोण, हे वस्तीला दुपारपर्यंत कळतं.

एक सावधगिरी मात्र सांगतो. तीन वाईट वस्त्या आणि आठ चांगल्या, असे दोनच कप्पे करू नका. १९६७ मध्ये लंडनच्या सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास सुरू झाला. त्यात कुणीच बेकार किंवा निराधार नव्हतं. तरी सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचा मृत्युदर वरच्या श्रेणीच्या तिपटीच्या आसपास होता, आणि मधल्या श्रेणी पायरीपायरीने मध्ये होत्या. तुमच्या आठ वस्त्यांतली ती ८ बाळं कुणाची आहेत, तेही बघा.

सांजवेळ

मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्रही शिकलेली नाही. अशाच एका वस्तीत वाढले म्हणून लिहिते.

आमच्याकडे दर वर्षी कुणीतरी मोजायला यायचं. घरात माणसं किती, पाणी कुठून आणता, पोरं किती, किती वाचली. आई या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायची आणि मग दिवसभर गप्प असायची, कारण माझ्या आधीचा भाऊ वाचला नव्हता. लिहून नेलेल्या कागदाचं पुढे काय झालं, ते आम्हाला कधीच कुणी सांगितलं नाही. मी अकरा-बारा वर्षांची झाल्यावर मोजायला कुणी आलं की आई मला पुढे करायची, आत निघून जायची.

नोंदवहीताई, तुम्ही आणि त्या सेविका दोन शनिवार फिरलात. लोकांनी दारं उघडली, बाळं दाखवली. आता जे सापडलं ते त्यांना जाऊन सांगा. "तुमच्याकडच्या ४९ बाळांपैकी २६ राहिलीत, कारण आमची यादी अपुरी होती आणि सत्राची वेळ चुकीची होती," एवढंच. बायका ऐकून काय म्हणतात ते लिहून घ्या. मोजून घेतल्यावर परत येणारं माणूस आमच्या दारात कधी आलं असतं तर आई आत गेली नसती.

नोंदवही

दोन महिन्यांनी लिहिते आहे. उशीर झाला.

सांजवेळताई, तुमचं उत्तर मी आमच्या आरोग्यसेविकेला वाचून दाखवलं. आम्ही दोघी काही वेळ बोललोच नाही. त्यानंतरच्या शनिवारी तिन्ही वस्त्यांत जाऊन, बायका कामावरून परत आल्यावर, सगळं सांगितलं. आकडे कागदावर मोठे लिहून नेले होते. एक आजी म्हणाल्या, "म्हणजे चूक आमची नव्हती होय?" मी म्हटलं, नव्हती.

सत्र सकाळी दहाला असायचं. त्या वेळी तिथली एकही कमावती बाई घरी नसते, हे तिन्ही ठिकाणी पहिल्याच वाक्यात ऐकायला मिळालं. ज्यांचं पूर्ण झालं होतं त्या २३ घरांत बहुतेक ठिकाणी सासू किंवा मोठी नणंद दिवसा घरी असते. पायवाटताई, हे त्या घरी गेले नसते तर कळलं नसतं. आणखी एक गोष्ट निघाली. सहा आयांनी सांगितलं की आधीच्या डोसनंतर बाळ रात्रभर तापाने फणफणलं, आणि असा ताप येऊ शकतो, एक-दोन दिवसांत उतरतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या घाबरल्या होत्या. सहकाऱ्याला मी हे दाखवलं. त्याने तक्ता दोनदा वाचला आणि पुढच्या फेरीला मी येतो म्हणाला. तो आला.

महिन्यातून एक सत्र संध्याकाळी ठेवायला वरिष्ठांनी परवानगी दिली. अहवाल डॉक्टरांनी सांगितला तसा दोन आकड्यांनी पाठवला. स्पष्टीकरण अजून कुणी मागितलेलं नाही. दोन संध्याकाळच्या सत्रांत २६ पैकी १७ बाळांचे राहिलेले डोस सुरू झाले. तीन कुटुंबं दुसरीकडे गेली. त्यांच्या नव्या जागी फोन करून तिथल्या सेविकेला नावं दिली, ती यादीत चढली का ते पुढच्या आठवड्यात विचारणार आहे. सहा राहिली आहेत. त्यांतल्या दोघांच्या घरी अजून तयारी नाही, तिथे सेविका पुन्हा जाणार आहे.

रक्तदाब एका वस्तीपासून सुरू केला, तिशीपुढच्या प्रत्येकाचा. आतापर्यंत ६१ जण झाले. अंशछेद सर, आकडा अजून सांगत नाही, कारण जे संध्याकाळी घरी भेटले तेच झालेत आणि रात्रपाळीचे सगळे राहिलेत. पण यादीत त्या वस्तीची जी चार नावं होती, ती आता चार राहिलेली नाहीत.

आठ वस्त्यांतली ती ८ बाळंही पाहिली. त्यांतल्या पाच बाळांची कुटुंबं भाड्याने राहणारी, वर्षभरात आलेली. हे मी नीट बघायला घेते आहे.

आणि आमच्या रजिस्टरला मी एक रकाना वाढवला. छापील नमुन्यात तो नाही, म्हणून समासात पट्टीने रेघ मारून करावा लागतो. त्यात सेविका लिहितात: 'घरी कोणत्या वेळी भेटतात.'